इंग्लंडमधील कॉपीहोल्ड शेतजमिनीचे हस्तांतरण: पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रे

कॉपीहोल्ड म्हणजे मॅनरच्या (जमीनदारीच्या) लॉर्डकडून, म्हणजे तिथल्या जमीनदाराकडून, त्या मॅनरच्या रूढीप्रमाणे धारण केलेली जमीन. धारकाजवळ खरेदीखत नसे. मॅनर कोर्टाच्या दप्तरात त्याच्या नावाची नोंद होई आणि त्या नोंदीची नक्कल त्याला मिळे. ही नक्कल हाच त्याचा पुरावा. १ जानेवारी १९२६ रोजी हा धारणाप्रकार कायद्याने संपला. तरीही इंग्लंडमधल्या जुन्या शेताची कागदपत्रे वाचताना किंवा एखाद्या गावाचा इतिहास शोधताना ही प्रक्रिया माहीत असावी लागते. तिकडे घर घेतलेल्या मराठी माणसांनाही मालमत्तेच्या नोंदीत ‘मॅनोरियल राइट्स’ (लॉर्डचे राखीव हक्क) असा शेरा दिसू शकतो. त्या शेऱ्याचे मूळ इथेच आहे.

या जमिनी मूळच्या वेठ करणाऱ्या बांधील कुळांच्या. १३४८-४९ च्या प्लेगनंतर माणसे कमी पडली, वेठ हळूहळू सुटत गेली आणि तिच्या जागी रोख खंड आला. ‘लॉर्डच्या मर्जीने, मॅनरच्या रूढीप्रमाणे’ हे शब्द मात्र नोंदीत शेवटपर्यंत राहिले. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून राजाची न्यायालये रूढी पाळणाऱ्या धारकाची दाद घेऊ लागली आणि लॉर्डची मर्जी नावापुरती उरली. या व्यवस्थेत मला हेच सर्वात मोलाचे वाटते. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याचा हक्क शेजाऱ्यांच्या साक्षीने दप्तरात चढे आणि तेच दप्तर लॉर्डलाही बांधून ठेवी.

पात्रता

पुढच्या काळात कॉपीहोल्ड घ्यायला कुणालाही मज्जाव नव्हता. सरदार, व्यापारी, विधवा, पाद्री, सगळ्यांच्या नावे अशी शेते आढळतात. देणाऱ्याचे नाव मात्र दप्तरात रीतसर दाखल असावे लागे. विवाहित स्त्रीची जमीन असेल तर स्टुअर्ड, म्हणजे लॉर्डचा कारभारी, तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारी की ती आपल्या खुशीने जमीन सोडते आहे ना, आणि तसे विचारल्याचेही नोंदीत लिही. अल्पवयीन वारस असेल तर त्याच्या वतीने पालक किंवा मुखत्यार उभा राही.

मॅनर कोणता, हे आधी पाहायचे. काही ठिकाणी हक्क वंशपरंपरेचा असे. पश्चिमेकडच्या परगण्यांत तो बहुधा ‘तीन हयातींपुरता’ असे, म्हणजे नोंदीतली तीन माणसे जिवंत असेपर्यंत. हा फरक न पाहता व्यवहार वाचला तर पुढचे सगळे चुकते.

हस्तांतरणाची प्रक्रिया

थेट खरेदीखत करून कॉपीहोल्ड विकता येत नसे. जमीन आधी लॉर्डकडे परत करायची, मग लॉर्डने ती नव्या माणसाला द्यायची, असा दोन पायऱ्यांचा रस्ता होता.

पहिली पायरी सरेंडरची, म्हणजे जमीन परत करण्याची. विकणारा मॅनर कोर्टात येई आणि स्टुअर्डच्या हाती काठी देई. काही ठिकाणी हातमोजा किंवा रूढीतली दुसरी वस्तू चाले. काठी देताना तो सांगे की अमुक शेत मी अमुक माणसाच्या उपयोगासाठी लॉर्डच्या हाती सोडतो आहे. कोर्टाची तारीख लांब असेल किंवा माणूस अंथरुणाला खिळलेला असेल, तर कोर्टाबाहेरही सरेंडर होई. ते स्टुअर्डसमोर करता येई, आणि रूढी असेल तिथे मॅनरच्याच दोन धारकांच्या हातीही करता येई. ती गोष्ट मग पुढच्या कोर्टात ‘होमेज’समोर मांडावी लागे. होमेज म्हणजे धारकांमधूनच बसवलेले पंच. कुठली रूढी खरी, कोण वारला, कुणी बांध सरकवला, हे सांगण्याचे काम त्यांचे.

दुसरी पायरी अ‍ॅडमिटन्सची, म्हणजे नव्या माणसाला दाखल करून घेण्याची. तीच काठी स्टुअर्ड घेणाऱ्याच्या हाती देई. घेणारा निष्ठेची शपथ घेई, नजराणा भरी आणि दप्तरात त्याचे नाव चढे. या दोन पायऱ्यांच्या मधला काळ नाजूक असे. सरेंडर झाले तरी नवा माणूस दाखल होईपर्यंत जुनाच माणूस धारक राही. पण लॉर्डला तिसऱ्याच कुणाला जमीन देता येत नसे. सरेंडरमध्ये ज्याचे नाव, त्यालाच दाखल करणे त्याला भाग होते, आणि टाळाटाळ केली तर न्यायालय हुकूम काढी. १८४१ च्या कायद्याने कोर्ट न भरवता, मॅनरच्या हद्दीबाहेरही दाखल करून घेण्याची मुभा मिळाली. त्यानंतरचे बरेच व्यवहार वकिलाच्या कचेरीतच उरकलेले दिसतात.

नजराणा आणि इतर देणी

खरा भार इथे होता. दाखल होताना द्यायच्या नजराण्याला ‘फाइन’ म्हणत. काही मॅनरमध्ये तो रूढीने ठरलेला असे आणि पिढ्यान्‌पिढ्या बदलत नसे. बाकी ठिकाणी लॉर्ड तो ठरवी, पण वंशपरंपरेच्या जमिनीवर न्यायालयांनी त्याला मर्यादा घातली होती. जमिनीच्या चालू दराने येणाऱ्या दोन वर्षांच्या उत्पन्नापेक्षा जास्त मागता येत नसे, आणि त्यातूनही ठरलेला खंड वजा होई. शेती सुधारून उत्पन्न वाढवणाऱ्यालाच यामुळे जास्त भरावे लागे. कॉपीहोल्डविरुद्ध एकोणिसाव्या शतकात जी तक्रार सतत होत राहिली ती मुख्यतः याचीच, आणि ती रास्त होती.

याशिवाय स्टुअर्डची फी वेगळी. धारक वारला की रूढी असेल तिथे ‘हेरियट’ घेत, म्हणजे गोठ्यातले सर्वात चांगले जनावर. घरातला कर्ता गेलेला असताना तेच जनावर दावणीतून सुटून जाणे हे त्या कुटुंबाला किती जड जात असेल!

वारस नोंद

धारक वारल्याचे होमेज कोर्टात कळवी आणि वारसाने पुढे यावे म्हणून पुकारा होई. लागोपाठ तीन कोर्टांत पुकारूनही कुणी आले नाही, तर वारस येईपर्यंत लॉर्ड जमीन ताब्यात घेऊ शके. वारस कोण, हे पुन्हा रूढीवर. सामान्य नियम थोरल्या मुलाचा होता, पण ससेक्समधल्या अनेक मॅनरमध्ये धाकटा मुलगा वारस ठरे. विधवेला ‘फ्रीबेंच’चा हक्क असे. कुठे जमिनीचा काही भाग, कुठे सगळी जमीन, आणि बऱ्याच ठिकाणी पुनर्विवाह न करण्याच्या अटीवर.

मृत्युपत्राने जमीन द्यायची तर आधी ‘मृत्युपत्राच्या उपयोगासाठी’ सरेंडर करून ठेवावे लागे. ही अट १८१५ च्या कायद्याने सैल केली.

कागदपत्रे तपासताना

जुनी नक्कल हाती आली तर त्यात मॅनरचे नाव, कोर्टाची तारीख, स्टुअर्डचे नाव, सोडणारा, घेणारा, जमिनीचे वर्णन, खंड आणि नजराणा शोधावा. खाली सहसा स्टुअर्डची सही असते. विक्रीची खरी किंमत नोंदीत बहुधा सापडत नाही.

सशर्त सरेंडर दिसले तर ते गहाण समजावे. कर्ज फेडले की सरेंडर रद्द, अशी त्यात अट असते, आणि फेड झाल्याची वेगळी नोंद दप्तरात शोधावी लागते. एक वर्षाहून जास्त मुदतीने शेत दुसऱ्याला कसायला द्यायचे तर साधारणपणे लॉर्डचा परवाना लागे. परवान्याशिवाय दिले किंवा रूढीत नसताना इमारती लाकडाची झाडे तोडली, तर जमीन जप्त होण्याची भीती असे. म्हणून परवान्यांच्या नोंदीही पाहाव्यात.

१७३३ पूर्वीची दप्तरे लॅटिनमध्ये आहेत, १६५० च्या दशकातला थोडा काळ सोडून. शिवाय १७५२ पूर्वी इंग्लंडचे अधिकृत वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींचे साल जपून वाचावे.

आज काय उरले आहे

१८५२ च्या कायद्याने धारक किंवा लॉर्ड, कुणीही भरपाईच्या बदल्यात जमीन कॉपीहोल्डच्या बंधनातून मोकळी करून मागू शकत होता. उरलेली सगळी कॉपीहोल्ड १९२२ च्या मालमत्ता कायद्याने १९२६ मध्ये मोकळी झाली. खनिजे, शिकार, जत्रा-बाजार असे लॉर्डचे काही हक्क मात्र राखले गेले. १३ ऑक्टोबर २०१३ पर्यंत हे हक्क नोंदीत नसले तरी जमिनीवर लागू राहत. त्या तारखेआधी अनेक लॉर्डांनी ते नोंदवून घेतले आणि कित्येक घरमालकांना त्याबद्दल पहिल्यांदाच पत्रे आली. असा शेरा तुमच्या नोंदीत असेल तर घर हातचे जात नाही. पण जमिनीखालच्या खनिजांचा हक्क कुणाकडे आहे, हे वकिलाकडून तपासून घ्यावे, आणि लॉर्डने दावा कोणत्या जुन्या नोंदीवर केला आहे ते मागावे.

दप्तरे शोधायला लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजची मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर ही सूची वापरावी. मॅनरच्या नावावरून कागद कुठे ठेवले आहेत ते ती सांगते. यॉर्कशायरमधल्या वेकफील्ड मॅनरची दप्तरे १२७४ पासून १९२५ पर्यंतची आहेत आणि ती लीड्स विद्यापीठात जपली आहेत. शोध घेताना परगणा आणि गाव यांच्यासोबत मॅनरचेही नाव माहीत असावे, कारण एका गावात दोन-तीन मॅनर असणे तिथे नेहमीचे होते.