ड्युअल बूटच्या पार्टिशनची डोकेदुखी: मूळ १९८३ सालचे

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदवताना पार्टिशनच्या (डिस्कच्या विभागांच्या) ज्या अडचणी येतात, त्यांतील बऱ्याच १९८३ सालापासून चालत आल्या आहेत. त्या वर्षी आयबीएमच्या पीसी-एक्सटी या संगणकासोबत डॉस २.० ही प्रणाली आली आणि हार्ड डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये मास्टर बूट रेकॉर्ड (एमबीआर), म्हणजे संगणक सुरू करणारा छोटा कोड आणि पार्टिशनांचा तक्ता, लिहिण्याची पद्धत रूढ झाली. त्यातील पार्टिशन-तक्त्याच्या वाट्याला ६४ बाइट आले आणि प्रत्येक नोंद १६ बाइटची असल्याने नोंदी चारच मावल्या. १० एमबीच्या डिस्कला तेवढ्या पुरेशा होत्या. एक्सटेंडेड पार्टिशन, म्हणजे एका नोंदीच्या पोटात आणखी पार्टिशन ठेवण्याची सोय, हे नंतर लावलेले ठिगळ.

विंडोज ७च्या काळातील अनेक लॅपटॉपवर हे चारही रकाने कारखान्यातच भरलेले असत: १०० एमबीचे सिस्टम रिझर्व्ह्ड, सी ड्राइव्ह, रिकव्हरी आणि उत्पादकाच्या टूल्सचे पार्टिशन. अशा डिस्कवर सी ड्राइव्ह लहान करून विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट साधनातून पाचवे पार्टिशन करू पाहिले, की डिस्क ‘डायनॅमिक’ (विंडोजच्या स्वतःच्या मांडणीची) करण्याची सूचना येई. तिला घाईत होकार देणाऱ्याची लिनक्सची वाट बहुधा तिथेच अडे, कारण सर्व व्हॉल्यूम पुसल्याशिवाय विंडोज ती डिस्क पुन्हा ‘बेसिक’ करून देत नसे. शिवाय एमबीआरमध्ये बूट कोडला जागा एकच. विंडोजचा सेटअप तेथील ग्रब (लिनक्सचा बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करणारा प्रोग्राम) न विचारता पुसून टाकी. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा सल्ला त्यातूनच आला.

इंटेलच्या ईएफआय या, जुन्या बायॉसची जागा घेणाऱ्या फर्मवेअर-मानकातून आलेल्या जीपीटी या नव्या पार्टिशन-तक्त्याने चारची मर्यादा मोडली: सहसा १२८ नोंदी आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. विंडोज ८पासून (२०१२) नव्या संगणकांवर हीच पद्धत रुळली. आता दोन्ही प्रणालींचे बूटलोडर एकाच ईएफआय पार्टिशनमध्ये आपापल्या फोल्डरात राहतात. म्हणूनच लिनक्स बसवताना ते पार्टिशन फॉरमॅट केल्यास विंडोजही सुरू होत नाही. विंडोज यूईएफआय (ईएफआयची पुढची आवृत्ती) मोडमध्ये असताना लिनक्स लेगसी (जुन्या बायॉसच्या) मोडमध्ये बसवणे ही तितकीच जुनी चूक.

त्याच विंडोज ८ने ‘फास्ट स्टार्टअप’ आणले. संगणक बंद केला तरी विंडोजचा गाभा हायबरनेट होतो (आपली स्थिती डिस्कवर साठवून थांबतो) आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल प्रणाली) अर्धवट उघडे राहते. लिनक्स त्यावर लिहिण्यास नकार देते तो याचसाठी. सक्ती केल्यास फायली बिघडू शकतात. त्यामुळे विभागणीपूर्वी फास्ट स्टार्टअप बंद करावे, बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) असल्यास रिकव्हरी की आधीच उतरवून ठेवावी आणि सी ड्राइव्ह विंडोजमधूनच लहान करावा.