पबमधली क्विझ नाइट: परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

"मॅडम, क्विझला कोण कशाला हरकत घेईल?" महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्याकडे येतो, सोबत त्रुटीपत्राचा (अर्जात काय कमी आहे ते सांगणाऱ्या सरकारी पत्राचा) मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो. क्विझला खरंच कोणी हरकत घेतलेली नसते. हरकत असते पबच्या कागदांना. क्विझमास्तर प्रश्न घासूनपुसून तयार करतो, पोस्टर काढतो, बक्षिसासाठी कोणाला तरी पटवतो आणि पबच्या फाइलमधला एखादा शिळा कागद त्याला आडवा येतो. तो कागद आधी बघावा हे त्याला सुचत नाही, कारण पब त्याचा नसतो.

मी ठाणे शहरात काही वर्षं क्विझ घेते. पहिले दोन अर्ज माझेही परत आले होते. तेव्हा खालचं सगळं आधी ठेच आणि मग शहाणपण अशा क्रमाने आलेलं आहे.

परवानगी लागते का?

नाच नाही, गाणं नाही, ऑर्केस्ट्रा नाही, मग परवाना कशाचा, असं वाटणं साहजिक आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधली 'सार्वजनिक करमणुकीची जागा' ही व्याख्या भलतीच ऐसपैस आहे. गाणं, वाजवणं, नाचणं यांच्या पंगतीत तिथे 'खेळ'ही बसवलेला आहे. लोकांना प्रवेश असला की झालं. त्याच व्याख्येत बिलियर्डची खोली आहे, पोहण्याचा तलावही आहे. त्यामुळे 'हे कायद्यात बसतच नाही' असा वाद खिडकीवर घालू नका, हराल.

व्यवहारात फरक पडतो तो तिकिटाने. प्रवेश फुकट, नेहमीचीच गिऱ्हाइकं आपापल्या टेबलावर बसून खेळणार, हातात छोटा माइक, एवढंच असेल तर पबच्या लेटरहेडवर स्थानिक पोलीस ठाण्याला तारीख, वेळ आणि अंदाजे माणसं कळवणारं पत्र द्या, पोच घ्या आणि कार्यक्रमाआधी त्यांच्याकडून काही सूचना येते का ते बघा. तिकीट लावलंत, टीममागे पैसे घेतलेत, मध्यंतरात गिटारवाला बसवलात की रीतसर अर्ज, आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडे.

इथे पहिली मोठी चूक होते. आयुक्तालयाच्या हद्दीत अशा जागांचे नियम आणि परवाने अधिनियमाच्या कलम ३३ खाली पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतात. पोलीस ठाणं फक्त अहवाल पाठवतं. 'ठाण्यातले साहेब हो म्हणालेत' ही परवानगी नव्हे, तो साहेबांचा चांगुलपणा आहे. साहेबांची बदली झाली की तोही जातो.

दुसरी चूक मी स्वतः केली होती. अर्ज भारदस्त दिसावा म्हणून विषयात 'लाइव्ह परफॉर्मन्स' असं लिहिलं. लिपिकाने मान वर न करता विचारलं, "गायिका किती?" बार आणि परफॉर्मन्स हे दोन शब्द शेजारी आले की आपल्याकडे फाइल ऑर्केस्ट्रा बारच्या गठ्ठ्यात जाते, आणि नृत्यासंबंधीचा २०१६ चा कायदा आल्यापासून तो गठ्ठा सगळ्यात सावकाश हलतो. विषयात साधं 'सामान्यज्ञान प्रश्नमंजुषा' लिहा. खाली एक ओळ टाका: गायन, वादन, नृत्य नाही. आणि मग खरोखरच ठेवू नका.

कोणाच्या हद्दीत?

नवी मुंबईवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. खारघरमधला पब पत्त्यात 'नवी मुंबई' लिहितो आणि पोलीस आयुक्तालयही नवी मुंबईचंच आहे. पण महापालिका पनवेलची (२०१६ मध्ये झालेली) आणि जिल्हा रायगड. कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल यांचंही तसंच. वाशी, नेरूळ, सीवूड्स, बेलापूर इथे मात्र महापालिका नवी मुंबईची आणि जिल्हा ठाणे. म्हणजे बेलापूरहून खाडीपुलापलीकडे गेलात तर पोलीस तेच राहतात, बाकी सगळं बदलतं. मद्य परवाने बघणाऱ्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचे अधीक्षक जिल्ह्याप्रमाणे बसतात, आयुक्तालयाप्रमाणे नाही. खारघरच्या पबसाठी ठाण्याच्या अधीक्षकांच्या नावे पत्र लिहून महिना घालवलेला मुलगा मला माहीत आहे. पत्र कोणी नाकारलंही नाही. ते नुसतं पडून राहिलं.

तुर्भे, महापे, रबाळे या पट्ट्यात जागा एमआयडीसीची असेल तर बांधकाम आणि अग्निशमनाचे कागद महापालिकेचे नसतात, एमआयडीसीचे असतात. ठाणेकरांना त्रास कमी. फक्त घोडबंदर रोडने गायमुख ओलांडून पुढे गेलात की तिथे ठाणे पोलीस नाहीत, मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय लागतं. गुगल मॅप काहीही म्हणो, पबच्या मद्य परवान्यावर पत्ता, तालुका, जिल्हा छापलेला असतो. तोच अर्जात उतरवा.

पबकडून घ्यायचे कागद

तुमचे स्वतःचे कागद म्हणजे आधार, पॅन, फोटो, हमीपत्र, कार्यक्रमाची रूपरेषा. यात कोणी अडत नाही. पबच्या आरोग्य परवान्याची, अन्न परवान्याची आणि आस्थापना नोंदणीची प्रत मॅनेजर ड्रॉवरमधून काढून देतो. अडतात ते पुढचे चार.

एक, मद्य परवाना. परवाना कक्षाच्या (परमिट रूमच्या) एफएल-३ परवान्याचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. एप्रिल-मे महिन्यात पबवाला हमखास गेल्या वर्षीची प्रत देतो, कारण फ्रेममध्ये भिंतीवर तीच लटकत असते. नूतनीकरणाची प्रत मागा.

दोन, परवानाधारकाचं संमतीपत्र. हा कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो. तुम्ही ज्याला मालक समजता, जो तुम्हाला चहा पाजतो आणि 'बिनधास्त करा' म्हणतो, त्याच्या नावावर परवाना असेलच असं नाही. परवाना कोणा काकांच्या नावावर, काका गावी, आणि पब कंडक्टिंगवर, म्हणजे चालवायला, तिसऱ्याच माणसाकडे, ही आपल्याकडची सर्रास कथा आहे. अर्जावरची सही परवान्यावरच्या नावाशी जुळली नाही की त्रुटी ठरलेली. मॅनेजर सही करणार असेल तर त्याच्या नावाचा नोकरनामा (तो परवानाधारकाचा नोकर असल्याचा कागद) उत्पादन शुल्क विभागाकडे दिलेला आहे का, हे विचारा. पबवाला या प्रश्नावर घुटमळला तर दुसरा पब शोधा. त्याचं लचांड तुमच्या अर्जातून बाहेर आलं तर तो पुन्हा दारात उभं करणार नाही.

तीन, मंजूर नकाशा. परवाना ठरावीक जागेला असतो, इमारतीला नाही. क्विझ गच्चीवर, आणि नकाशात गच्ची नाही, तर तिथे दारू देता येणार नाही आणि तुमचा अर्जही टिकणार नाही. गच्चीवर ताडपत्री असेल तर अग्निशमनवाले वेगळे विचारतील. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबच्या आगीत १४ जण गेले, तेव्हापासून गच्ची या शब्दाला कोणीही अधिकारी सहज सही करत नाही. या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे.

चार, फॉर्म 'ब'. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाप्राप्त एजन्सीकडून वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. मुदत सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते ती इथे. पबवाला म्हणतो, सहा महिने चालतं, आमचं मार्चमध्ये केलंय, म्हणजे सप्टेंबरपर्यंत आहे. तसं नाही. महिने कायद्याने ठरवलेत, प्रमाणपत्राच्या तारखेने नाही. ऑगस्टमधल्या क्विझला जुलैचाच फॉर्म लागेल. अग्निशमनचा जुना ना हरकत दाखला दाखवून 'हेच ते' म्हणणारे भेटतील. ते हे नाही.

फी, बक्षीस आणि जुगार

टीममागे ५०० रुपये घेऊन त्यातूनच बक्षीस, हा जुगार होतो का? महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, १८८७ च्या कलम १३ मध्ये निव्वळ कौशल्याचा खेळ वगळलेला आहे. सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा कौशल्याची, हे पटवणं अवघड नाही. पण शेवटी गर्दी टिकावी म्हणून चिठ्ठ्या उचलून 'लकी ड्रॉ' ठेवलात, तर कौशल्य संपलं आणि नशीब सुरू झालं. तोच कार्यक्रम, तीच फी, आणि तुम्ही हातानेच आपला बचाव काढून टाकलात. लकी ड्रॉ नको. कितीही गोड वाटला तरी नको.

त्याहून नवी भानगड मोबाइलची. उत्तरं फोनवरच्या ॲपमधून घ्यायची, फी ऑनलाइन, बक्षीस रोख, असा सुटसुटीत बेत हल्ली तरुण मंडळी करतात. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि त्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. १८८७ च्या कायद्यातली पळवाट तिथे चालत नाही. कागद आणि पेन्सिल वापरा. शेजारच्या टेबलाची उत्तरपत्रिका तपासताना होणारी भांडणं हाही क्विझचा अर्धा आनंद आहे.

बक्षीस १०,००० रुपयांच्या वर गेलं तर ३० टक्के कर कापून भरायची जबाबदारी देणाऱ्याची, वस्तू असली तरी. बक्षीस म्हणून दारूची बाटली देऊ नका. परवाना कक्षातली दारू तिथेच बसून प्यायची असते, घरी न्यायची नाही. पोस्टरवर दारूच्या ब्रँडचं नाव आणि 'पहिला पिचर फुकट'ही नको, कारण मद्याच्या जाहिरातीला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमातच मनाई आहे. हो, ज्या कायद्याखाली बार चालतात त्याचं नाव अजूनही दारूबंदीच आहे.

माइक आणि गाण्यांची फेरी

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सूट आहे ती सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागेला, आतल्या आत ऐकू जाण्यापुरती. व्हरांडा आणि गच्ची बंदिस्त नव्हेत. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वर सोसायटी आणि खाली पब असेल तर बरोबर उत्तराला पडणाऱ्या टाळ्यासुद्धा तेवढ्यात बसत नाहीत. अर्जात वेळ रात्री ८ ते ९.४५ लिहा. '८ ते ११' लिहिणारे स्वतःहून प्रश्न ओढवून घेतात.

गाण्यांच्या फेरीबद्दल एक दंतकथा फिरते: दहा सेकंदांपर्यंत चालतं. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये सेकंदांची अशी कोणतीही सवलत नाही. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस, रेकॉर्डिंगसाठी पीपीएल, असे हक्क वेगवेगळ्या संस्थांकडे आहेत. पब बहुधा वर्षाचे पैसे भरतो, पण मागे हळू वाजणाऱ्या गाण्यांचे. त्यात कार्यक्रम येतो का, हे पावतीवर वाचा. ते जमत नसेल तर गाणं वाजवू नका, पहिल्या ओळीचं गद्य करून विचारा. जास्त हशा होतो.

वय, वार, पोच

महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं. उत्तम क्विझ खेळणारी पोरं मात्र एकोणीस-वीसची असतात. त्यांना 'फक्त लिंबू सरबत पितील' म्हणून परवाना कक्षात बसवायचा मोह टाळा. त्यांच्यासाठी कॅफेत वेगळी क्विझ घ्या. आणि हो, प्रत्येक पिणाऱ्याकडे पाच रुपयांचा का होईना, एक दिवसाचा मद्यसेवन परवाना असायला हवा. ते पुस्तक काउंटरवर आहे का, बघा.

तारीख ठरवताना कोरडे दिवस (ड्राय डे, म्हणजे दारूविक्री बंद असलेले दिवस) तपासा. २ ऑक्टोबर सगळ्यांना आठवतो, आषाढी एकादशी नाही. निवडणूक लागली तर मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास विक्री बंद, शिवाय मतमोजणीचा दिवस.

अर्ज टपाल पेटीत टाकू नका, बारनिशीत (आवक-जावक खिडकीवर) द्या आणि आवक क्रमांक, शिक्का, तारीख तुमच्या प्रतीवर घ्या. दिवस मोजायचे ते या शिक्क्यापासून, अर्जावर तुम्ही टाकलेल्या तारखेपासून नाही. पोलीस ठाण्याचा अहवाल, वाहतूक शाखेचा अभिप्राय, मधले दोन शनिवार-रविवार असं धरून मी तीन आठवडे आधी देते, आणि आठव्या दिवशी जाऊन अहवाल निघाला का विचारते. फोनवर कोणी सांगत नाही.

मंजुरी मिळाली की तिच्या दोन प्रती काढा. एक तुमच्या पिशवीत आणि एक काउंटरमागे, मॅनेजरला नीट दाखवून. गस्तीवरचे हवालदार साधारण तिसऱ्या फेरीच्या मध्यावर येतात, तुमच्या हातात माइक असतो, आणि मॅनेजर सांगतो, "कागद मॅडमकडे आहेत." मग सगळ्या टीम पेन्सिली खाली ठेवून तुमची पिशवी उपसणं बघत बसतात.