बस भरली, पण गाडी घरी राहिली का?

बसचे प्रवासी वाढल्याची बातमी आली की लगेच हिशोब सुरू होतो: इतकी माणसं बसने गेली, म्हणजे इतका धूर वाचला. प्रवासी वाढणं आणि गाडीवाला बसमध्ये येणं, या दोन गोष्टींची इथे गल्लत होते.

लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पंधराचं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीतून रोज जाऊन-येऊन 30 किलोमीटर एकटाच हाकणारा माणूस बसने जाऊ लागला, तर दिवसाला साडेचार किलो वाचले. बस तशीही धावतच असते. तीच सीट कालपर्यंत चालत जाणाऱ्याने पकडली, तर वाचलं शून्य. कंडक्टरच्या मशीनमधून तिकीट मात्र दोघांना सारखंच मिळतं.

मुंबईत जुलै 2019मध्ये बेस्टचं किमान भाडं 8 रुपयांवरून 5 रुपयांवर आलं आणि स्टॉपवर गर्दी झाली. स्टेशनबाहेरच्या रांगेत मला तरी शेअर रिक्षा सोडून आलेलेच जास्त दिसले, गाडीची किल्ली खिशात असलेले क्वचित. त्यांचे पैसे वाचले, हे चांगलंच झालं. फक्त त्याला मोटारी घटल्या असं म्हणू नये. एस्टोनियाच्या टॅलिन शहराने 2013पासून रहिवाशांना बस-ट्राम फुकट केली, तिथेही मोटारींपेक्षा पायी चालणंच जास्त कमी झालं.

मग गाडीवाला हलतो कशाने? स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये हे दोन टप्प्यांत बघायला मिळालं. ऑगस्ट 2005मध्ये तिथे जवळपास 200 नव्या बस आणि नवे मार्ग सुरू झाले. नुसत्या बसमुळे मोटारींच्या संख्येत म्हणावा असा फरक पडला नाही. 3 जानेवारी 2006ला शहराच्या मध्यभागी ये-जा करणाऱ्या गाड्यांवर चाचणी म्हणून टोल लागला, गर्दीच्या वेळी जास्त, रात्री काहीच नाही. टोलनाक्यांवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने उतरली. टोल नसता तर बस रिकाम्या धावल्या असत्या असं नाही, आणि बस नसत्या तर लोकांनी टोलला शिव्या घालून गाडीच काढली असती, असं माझं मत.

जुलैअखेर चाचणी संपली, टोल उठला. जादा बस अजून धावत होत्या, तरी बऱ्याच गाड्या परत रस्त्यावर आल्या. ऑगस्ट 2007मध्ये टोल पुन्हा लागला, तो आजही आहे.