डॉबरमनचा मेंदू कवटीत मावत नाही?

डॉबरमन जातीचा कुत्रा पाच-सहा वर्षांचा झाला की त्याचा मेंदू कवटीत मावेनासा होतो आणि तो मालकावरच उलटतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. निव्वळ थाप! मेंदू आणि कवटी पिल्लूपणीच सोबत वाढतात. म्हातारपणी तर मेंदू किंचित आकसतो.

जर्मनीतल्या अपोल्डा गावच्या करवसुली करणाऱ्या डोबरमान यांनी ही जात राखणीसाठी घडवली. म्हणून परक्यांबद्दल संशय लॅब्राडोरपेक्षा जास्त, पण शिकवलेलं पटकन उचलतो. जातीचं फार कौतुकही नको: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, अठरा हजारांवर कुत्र्यांच्या स्वभावातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के जातीमुळे निघाले. शांत डॉबरमन अचानक गुरगुरू लागलाच, तर आधी दात, कान, सांधे आणि थायरॉइड तपासून घ्या.