कटलेट आणि पॅटिस: पीठ आत की बाहेर?

कालचे उकडलेले बटाटे, वाटीभर फ्लॉवर-मटारची भाजी, ब्रेडचे दोन स्लाइस, मूठभर कॉर्नफ्लॉर. सगळं एकत्र मळा, थापा आणि तळा. या कृतीला कुणी कटलेट म्हणतं, कुणी पॅटिस. खरं तर ती दोन्हींची सरमिसळ आहे, म्हणूनच त्यातून बाहेरून तेलकट आणि आतून चिकट गोळा निघतो.

पॅटिस तुम्हाला माहीतच आहेत. रगड्याखाली साधे असतात; उपवासाच्या पॅटिसात ओलं खोबरं, मिरची, कोथिंबीर आणि बेदाण्यांचं सारण. दोन्हींत बाहेर नुसता बटाटा. कटलेटमध्ये सारण नसतं, भाज्या बटाट्यातच मिसळलेल्या असतात. आकार गोल की लांबट, तवा की कढई, हे वाद घरोघरी चालू द्यात.

खरी गोची पिठाची आहे. पॅटिसला वरून काही लावत नाहीत, म्हणून पीठ आत जातं. अर्धा किलो बटाट्याला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉर पुरतं. उपवासाला आरारूट किंवा शिंगाड्याचं पीठ. ते बटाट्याला धरून ठेवतं आणि त्याचीच वरची कड खरपूस होते. कटलेटचा कुरकुरीतपणा मात्र बाहेरच्या थरातून येतो. आधी पातळ घोळ, मग ब्रेडचा कोरडा चुरा किंवा बारीक रवा. दोन चमचे मैदा किंवा कॉर्नफ्लॉर पाच-सहा चमचे पाण्यात कालवलं की घोळ तयार. तो टाळून गोळा थेट रव्यात घोळवला तर निम्मा रवा कढईच्या तळाशी जाऊन जळतो आणि पुढच्या घाण्याला काळे ठिपके देतो. मुंबईतल्या पारशी लेसी कटलेटमध्ये क्रम उलटा असतो, आधी चुरा आणि शेवटी फेटलेलं अंडं. म्हणून तर त्याला ती जाळीदार कड येते. तिथेही कुरकुरीतपणा बाहेरचाच.

कटलेट तेलात फुटलं की लोक पुढच्या वेळी आत आणखी पीठ, आणखी ब्रेड कोंबतात. हे मला अजिबात पटत नाही. फुटण्याचं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. कालच्या भाजीतलं पाणी तेलात गेल्यावर वाफ होतं आणि थर फोडून बाहेर पडतं. पीठ वाढवून पाणी जात नाही, नुसता चिवटपणा वाढतो. त्याऐवजी भाजी कढईत, झाकण न ठेवता, तळाला चिकटायला लागेपर्यंत परता आणि ताटात पसरून पूर्ण गार करा. तरीही ओलसर वाटली तर मिक्सरमधून काढलेले कोरडे पोहे चमचा-दोन चमचे घाला. ते पाणी शोषतात आणि चव बिघडवत नाहीत. ब्रेड पाण्यात भिजवून, पिळून आत घालण्याची पद्धत मला मुळीच आवडत नाही. ज्या पाण्याशी झगडायचं तेच आपण पुन्हा आत सोडतो.

बटाटे शिळे असतील तर उत्तमच. फ्रीजमध्ये रात्रभर राहिलेल्या बटाट्यातला स्टार्च घट्ट होतो, त्यामुळे किसल्यावर तो मोकळा पडतो. गरम बटाटा जोर लावून कुस्करला की लगद्यासारखा होतो. म्हणून किसणी घ्या, मिक्सर नको. चुरा लावलेले कटलेट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा आणि तेल नीट तापल्यावरच सोडा. चुऱ्याचा कण टाकताच बुडबुडे घेत वर आला पाहिजे. थंड तेलात चुरा आधी तेल पितो, मग तळला जातो. एका वेळी तीन-चारच टाका.

उरलं काय आहे त्यावर ठरवा. नुसते उकडलेले बटाटे असतील तर पॅटिस. फोडणीची बटाट्याची भाजी असेल तर पॅटिसच्या नादी लागू नका, फोडणीचं तेल बटाट्याला एकजीव होऊ देत नाही. तिचं कटलेट करा, मोहरी-कढीपत्त्यासकट छान लागतं. गाजर, फरसबी, मटार, बीट यांची कोरडी भाजीही कटलेटचीच. रस्सा उरला असेल तर तो पोळीबरोबर संपवा.