डुकराचं मांस खाऊन स्वाइन फ्लू होतो का?

2009 पासून गोव्यात एक समज चिकटून बसलाय: फ्लूची साथ आली की चोरीस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) आणि सोरपोतेल (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) बंद. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या चोरिसांच्या माळांचा या आजाराशी काही संबंध नाही. स्वाइन फ्लूच्या एच१एन१ विषाणूत डुकरांमधल्या फ्लूची जनुकं आहेत, हे खरं. पण माणसांत आल्यावर तो खोकल्या-शिंकांतून माणसाकडून माणसाकडेच पसरला. नीट शिजवलेल्या मांसात तो टिकत नाही. शाकाहारी घरांतही लोक आजारी पडलेच की! म्हणून तर तेव्हा विमानतळांवर प्रवासी तपासले जात होते आणि रुग्णांच्या घशाचे नमुने घेतले जात होते.

साथ संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने 10 ऑगस्ट 2010 रोजी जाहीर केलं. विषाणू मात्र गेला नाही, तो हंगामी फ्लूत मिसळला आणि दरवर्षीच्या लशीत त्याचाही समावेश असतो. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, त्यामुळे गरोदर बायका, वयस्कर माणसं, दमा-मधुमेहाचे रुग्ण यांनी मे महिन्यातच लशीबद्दल डॉक्टरांना विचारावं.