प्रोग्राम चालू ठेवून कोअर डंप: पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात मागांचं उत्पादन मोजणारा प्रोग्राम तिन्ही पाळ्या चालू आहे आणि मधेच त्याचे आकडे चुकायला लागले, असं समजा. बंद केला तर काम अडतं. शिवाय चूक ज्या मेमरीत दडली आहे, तीच पुसली जाते. मेमरीची प्रत, म्हणजे 'कोअर डंप', हवी, पण प्रोग्राम जिवंत राहायला हवा. ही गरज फार जुनी आहे.

1950 च्या दशकातली मेमरी म्हणजे फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या, म्हणजेच 'कोअर', एका कडीत एक बिट. 1953 मध्ये ती एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात बसली. कड्यांतून तारा हाताने ओवत. मागावरचा ताणा-बाणा पाहिलेल्या सोलापूरकराला ती जाळी परकी वाटणार नाही. प्रोग्राम कोसळला की या कड्यांतला मजकूर कागदावर छापायचा आणि आकड्यांचे गठ्ठे चाळत बसायचं.

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने त्या छापील मजकुराची फाइल केली. 1971 च्या पहिल्याच मॅन्युअलमध्ये 'कोअर' फाइलचं पान आहे. पण ती मिळायची प्रोग्राम मेल्यावर. 1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये 'जीकोअर' हे साधन आलं आणि चालू प्रोग्रामची प्रत बाहेरून काढता येऊ लागली. लिनक्सवर आज हेच काम जीडीबी हा चुका शोधायचा प्रोग्राम (डीबगर) करतो. प्रत लिहून होईपर्यंत मात्र प्रोग्राम थबकतो, आणि मेमरी काही जीबी असेल तर ते थबकणं चांगलंच जाणवतं.

आतून प्रत काढायची जुनी युक्ती मला अजूनही सुंदर वाटते. प्रोग्राम 'फोर्क' करतो, म्हणजे स्वतःचीच चालती प्रत जन्माला घालतो; ते अपत्य लगेच 'अबॉर्ट' म्हणतं, म्हणजे स्वतःला कोसळवतं, आणि कोअर मागे ठेवून संपतं. मूळ प्रोग्राम पुढे चालत राहतो. मेमरीची पानं दोघांत सामाईक असतात आणि कुणी त्यात लिहिलं तरच वेगळी होतात, त्यामुळे फोर्क स्वस्तात होतो. मेलेल्या अपत्याची नोंद 'वेटपिड' या कॉलने आवरायला मात्र विसरू नये, नाहीतर झोम्बी, म्हणजे मेलेल्या प्रोग्रामांच्या उरलेल्या नोंदी, साचतात.

या युक्तीची खरी मर्यादा थ्रेड्समुळे, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांमुळे, उघडी पडली. फोर्कनंतर अपत्यात फक्त फोर्क करणारा थ्रेड उरतो. अडकलेला थ्रेड दुसराच असेल, तर त्याचा स्टॅक, म्हणजे तो कुठे पोहोचला होता याची नोंद, कोअरमध्ये थ्रेड म्हणून नोंदलेलाच नसतो. म्हणून गूगलने 'कोअरडंपर' लायब्ररी काढली: सगळे थ्रेड थांबवून प्रोग्रामच्या आतूनच पूर्ण प्रत घ्यायची.

फोर्कच्या वाटेने जाताना आधी 'यूलिमिट', म्हणजे प्रोग्रामवरच्या मर्यादा दाखवणारी आज्ञा, वापरून तपासा. कोअरची मर्यादा शून्य असेल, तर अपत्य मरतं आणि हाती काहीच लागत नाही. फाइल कुठे पडते, तेही लिनक्सची 'कोअर_पॅटर्न' ही सेटिंग ठरवते. आणि ती फाइल ग्रुपवर टाकण्याआधी दहादा विचार करा. पासवर्ड, ग्राहकांचे खाते क्रमांक, जे जे मेमरीत होतं ते त्यात उघडं असू शकतं. मेमरीचा ठरावीक भाग कोअरमधून वगळायची सोय लिनक्स 3.4 पासून, म्हणजे 2012 पासून, 'एमअॅडव्हाइज' या कॉलमध्ये आहे. पासवर्ड ठेवायच्या जागेवर ती आधीच लावून ठेवावी.